फरीदाबाद : नानांच्या लेथला लाल चिठ्ठी

फरीदाबादला हौसेने कुणी फिरायला जात नाही. मीही गेलो नव्हतो, मला पाठवण्यात आलं होतं. पण आग्रा, जयपूर बघून झालं असेल आणि कारखान्यांची वस्ती आतून कशी असते याचं कुतूहल असेल, तर एक शनिवार-रविवार तिकडे काढायला हरकत नाही. माझा हा प्रवास त्या वर्षांतला, जेव्हा मथुरा रोडवर रोज नव्या कंपनीची पाटी लागत होती आणि गुडगावात अजून मोहरीची शेतं दिसत होती.

शुक्रवारी दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये फोन वाजला. माझा मेहुणा सतीश बोलत होता. त्याचं फरीदाबादच्या एनआयटी, म्हणजे न्यू इंडस्ट्रियल टाउनशिप, भागात छोटं वर्कशॉप होतं, माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, उभं केलेलं. एका जपानी भागीदारीतल्या मोटार कंपनीचं काम मिळायच्या बेतात होतं, पण आधी सोमवारी त्यांचे साहेब जागा बघायला येणार होते. जागा नीट नसेल तर काम नाही.

"सगळं झालंय जिजाजी, फक्त नानांचं लेथ मशीन राहिलंय," सतीश म्हणाला. "जपान्यांचा पहिला नियम, जे लागत नाही त्याला लाल चिठ्ठी बांधायची आणि बाहेर काढायचं. ते लेथ वर्षभर बंद आहे. पण नाना रोज त्याच्याशेजारीच खुर्ची टाकून बसतात. तुम्ही सांगा ना त्यांना."

"मी? मुलगा तू आहेस."

"म्हणूनच तर. तुम्ही जावई. तुम्हाला ते नाही म्हणणार नाहीत."

जावयाचा असाही उपयोग असतो, हे मला लग्नात कुणी सांगितलं नव्हतं. माझी बायको माधुरी म्हणाली, "जाऊन ये. माझ्या भावाचं काम अडायला नको." तिचा आवाज काही फारसा खूश नव्हता.

आता मेट्रोची व्हायोलेट लाईन थेट फरीदाबादला नेते, एसीत बसून जाल. तेव्हा मी बसने गेलो आणि बदरपूर बॉर्डरवर ट्रकांच्या मागे इतका वेळ बसून राहिलो की शेजारच्या सरदारजींच्या तिन्ही मुलींची स्थळं मला माहीत झाली. बॉर्डरवर उतरून छोले-कुलचे खाल्ले. ते मात्र आजही खा, कांदा जास्त मागून घ्या. पुढे सहा जणांच्या टेम्पोत नववा म्हणून बसून एनआयटी गाठलं. थंडीत जाणार असाल तर मफलर विसरू नका, टेम्पोला दारं नसतात.

वर्कशॉप बघून मी चाट पडलो. जमिनीवर पिवळे पट्टे, कुठे चालायचं आणि कुठे नाही. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली, म्हणजे पाना जागेवर नसला की त्याची रिकामी सावली दिसते. आमच्या मंत्रालयात हे केलं तर निम्म्या खुर्च्यांच्या सावल्याच दिसतील. सेइरी, सेइतोन, सेइसो असे पाच जपानी शब्द देवनागरीत लिहून टांगले होते. अर्थ खाली हिंदीत होता, म्हणून बरं. एक कामगार चहाचा ग्लास हातात धरून उभा होता.

"सतीशभैया, इसकी भी लाइन है क्या?"

"है. खिड़की के नीचे."

तो गुपचूप जाऊन खिडकीखाली ग्लास ठेवून आला. कोपऱ्यात नाना त्यांच्या लेथशेजारी बसले होते. मला बघून उठले, प्रवास कसा झाला विचारलं, चहा मागवला. सतीश त्याच क्षणी गायब झाला. इतकी शिस्त तर जपान्यांनीही शिकवली नसेल.

मी शनिवारभर टाळलं. रात्री वृंदावहिनींनी, सतीशच्या बायकोने, भरली वांगी केली होती. जेवताना बापलेक एकाच ताटातली चटणी घेत होते आणि बोलत होते माझ्याशीच. नाना मला विचारत, "पाहणीची तयारी झाली का?" आणि सतीश मला सांगे, "झाली." मला अवघडल्यासारखं झालं.

रविवारी सकाळी चहा घेता घेता मी नानांच्या कानावर घातलं. जमेल तितकं मऊ बोललो. त्यांनी ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले आणि चिठ्ठी मागून घेतली. स्वतःच्या हाताने लेथच्या हँडलला बांधली. मग फडकं आणि तेल घेऊन लेथ पुसायला बसले. दुपारी भंगारवाला टेम्पो घेऊन आला तरी त्यांचं चालूच होतं.

"बाबूजी, ये तो कटेगा," तो म्हणाला. "तेल क्यों लगा रहे हो?"

"पता है," नाना म्हणाले आणि उरलेलं तेल लावून संपवलं. मला तिथे उभं राहवेना. वाईट वाटलं, सरळ सांगतो.

संध्याकाळी ते मला बसपर्यंत सोडायला आले. बस दिसल्यावर म्हणाले, "जावईबापू, तुमचा राग नाही. मशीन बंदच होतं, मला काय दिसत नव्हतं? सतीशने एकदा म्हटलं असतं तर मीच महिन्यापूर्वी चिठ्ठी बांधली असती. एका घरात राहतो आम्ही. त्याने दिल्लीहून माणूस बोलावला."

बसमध्ये चढलो, खिडकीतून हात केला. घरी येऊन माधुरीला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती, मळतच राहिली.

सोमवारी संध्याकाळी सतीशचा फोन. माधुरीनेच उचलला. सतीश इतक्या मोठ्याने बोलत होता की मला सोफ्यावर ऐकू येत होतं. पाहणी पास झाली, काम मिळालं, साहेबांनी मोकळा कोपरा बघून मान डोलावली.

"जिजाजींमुळे झालं, ताई. त्यांनीच पटवलं नानांना."

"नानांना सांगितलंस, काम मिळालं म्हणून?"

"नाही अजून. जिजाजींना बसला सोडून आल्यापासून ते गप्पच आहेत. तूच सांग ना, तू बोललीस की बरं वाटेल त्यांना."

"कुठे आहेत ते?"

"हे काय, शेजारच्या खोलीत."

एवढे फेरे घालून मी काय आणलं म्हणाल, तर ते पाच जपानी शब्द. त्यातले दोन आज आठवत नाहीत. माधुरी मात्र तशीच आठवते, रिसीव्हर कानाला, पाठ भिंतीला टेकलेली.

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "तू जा. फोन ठेवू नकोस, मी थांबते."

मी उठून तिच्याजवळ गेलो, रिसीव्हरला कान लावला. मग एक दार उघडल्याचा आवाज आला आणि सतीश म्हणाला, "नाना, झोपलात का?"