खरात मॅडमचं फवारणीचं गणित

खरात मॅडम वर्गातल्या पोरींना 'अगं' म्हणत, पण तिशी ओलांडलेल्यांना 'तुम्ही'. जालन्याच्या त्या नर्सिंग स्कूलमध्ये आमच्या वर्गात अशा आम्ही तिघीच होतो. मी तेहतीस वर्षांची, कुंभार पिंपळगावात दहा वर्षं आशाताई म्हणून काम केलेली. पहिल्याच दिवशी नवजात बाळाला ऊब देण्याचा धडा होता. मॅडमनी पुस्तक मिटलं आणि मला म्हणाल्या, "संगीताबाई, थंडीत पत्र्याच्या घरात जन्मलेलं लेकरू तुम्ही कसं जपायच्या? सांगा. मी लिहून घेते."

मला थट्टाच वाटली. पण त्यांनी खरंच वही उघडली. मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. मध्येच थांबून म्हणाल्या, "गरम विटेचा शेक? हे बिलकुल चूक, कातडी पोळते. आईच्या छातीशी बांधलं, ते बराबर." चूक दाखवताना त्यांचा आवाज जराही चढत नसे.

दोन महिन्यांनी औषधाच्या मात्रेच्या गणितांची परीक्षा झाली आणि मला पंचवीसपैकी तीन गुण पडले. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. दुपारीच मी होस्टेलवर येऊन बॅग भरायला घेतली. मॅडम दारात आल्या, आत येऊन माझ्या ट्रंकेवर बसल्या.

"निघाल्या?"

"मॅडम, माझ्या डोक्यात आता काही शिरत न्हाई. वय गेलं माझं."

त्यांनी समजूत घातली नाही. विचारलं, "घरी कापूस आहे ना? फवारणीचं औषध कोण कालवतं?"

"मीच. ह्यांना अंदाज न्हाई."

"पंधरा लिटरच्या पंपाला किती टाकता?"

"तीस मिली."

"पंपात पाच लिटरच पाणी असलं, मंग?"

"दहा," मी पटकन म्हणाले.

"कागद घेतला का तुम्ही? बोटं मोजली?" त्यांनी माझीच उत्तरपत्रिका पुढे सरकवली. "ह्या बाटलीत पाच मिलीमध्ये एकशे पंचवीस मिलिग्रॅम औषध आहे. लेकराला शंभर द्यायचंय."

मी ते आकडे पंपाच्या हिशेबानं लावून बघितले. एका मिलीत पंचवीस. "चार मिली," मी म्हणाले, आणि मला रडूच आलं.

मी डोळे पुसले. मग मॅडम स्वतःहून बोलायला लागल्या. "नोकरीला लागले तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. सुभद्राबाई म्हणून चाळिशीच्या एक बाई शिकायला आल्त्या. सलाईनचे थेंब मोजताना चुकल्या. मी सगळ्या वॉर्डासमोर म्हणाले, एवढ्या मोठ्या झालात, मोजता येत न्हाई? दुसऱ्या दिवसापासून त्या आल्याच न्हाईत. पुढं एमएस्सीला मला मोठ्यांच्या शिक्षणाचा सिद्धांत अभ्यासाला होता. मोठं माणूस अनुभव घेऊन वर्गात येतं, त्याचा मान राखून तिथूनच पुढं शिकवावं, असं लिहिलेलं. ते पान वाचताना मला सुभद्राबाईच दिसायला लागल्या. केदारखेड्याला त्यांच्या घरी गेल्ते माफी मागायला. त्यांनी चहा केला. म्हणाल्या, मी ते कधीच विसरले, पोरी. पण निघताना दारात म्हणाल्या, शिकायला आवडलं असतं मला."

मॅडम उठल्या. जाऊ नका, असं त्या म्हणाल्याच नाहीत. मी बॅग रिकामी केली.

पुढे मी पास झाले, आरोग्य केंद्रात नोकरीला लागले. मॅडम निवृत्त झाल्या आणि वर्षभरात आजारी पडल्या. मी दवाखान्यात भेटायला गेले, तेव्हा एक नवी सिस्टर त्यांना सलाईन लावत होती. दोनदा सुई चुकली. पोरगी परत शीर चाचपायला लागली. मी पुढे झाले, तर मॅडमनी डोळ्यांनीच मला अडवलं आणि दुसरा हात तिच्यापुढे केला.

"जल्दी नको करू. आधी सांग, दोन्ही वेळेला काय झालं?"

"शीर सरकली, मॅडम."

"मंग आता काय करशील?"

"कातडी ताणून धरते."

तिसऱ्या वेळी सुई बरोबर लागली. मॅडमनी डोळे मिटून घेतले.

बाहेर व्हरांड्यात मी तिला विचारलं, "भीती वाटली का गं?"

"दुसऱ्या वेळेपर्यंत लई वाटली," ती म्हणाली. "तिसऱ्या वेळी न्हाई."

त्यानंतर चौथ्या दिवशी मॅडम गेल्या.