होडीचा तळ आणि बर्फाचा खोका

मेलेले मासे पुन्हा समुद्रात सोडणारा आमच्या सायखेड्यातला पहिला पदवीधर मी आहे. पदवीधर तर घरातला पहिलाच आहे, पण त्याचं कौतुक दोनच दिवस टिकलं. माशांचं अजून टिकून आहे.

त्या उन्हाळ्यात माझा बी.एस्सी.चा निकाल लागला. प्राणिशास्त्रात पहिला वर्ग मिळाला होता आणि मला एम.एस्सी.साठी पुण्याला जायचं होतं. आमच्या घरातून तोपर्यंत पुण्याला कोणी गेलं नव्हतं. (माझे चुलते, तात्या, एकदा गेले होते, पण ते चुकीच्या एसटीत बसल्यामुळे.) वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादांचा शिक्षणाला विरोध नव्हता. त्यांचा विरोध माझ्या चेहऱ्याला होता. हा चेहरा बघितला की कोणालाही फसवावंसं वाटेल, असं त्यांचं मत होतं.

"शिकलेल्याला छापलेलं खरं वाटतं," ते म्हणायचे. "पुण्यात तर सगळंच छापलेलं."

दादांचं सगळं शिक्षण लासलगावच्या कांदा मार्केटात झालं. तिथे ट्रॉलीवरचा कांदा बघून लिलाव होतो. मग माल व्यापाऱ्याच्या खळ्यावर ओतला की व्यापारी तळातून एखादा सडका कांदा शोधून काढतो, तो दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवतो आणि भाव पाडायला बघतो. याला वांधा काढणं म्हणतात. दादा वीस वर्षं वांधे ऐकत आले होते, म्हणून जगात कुठलीही वस्तू घेताना ते वरून बघतच नसत. आधी तळ. किराण्याच्या दुकानात ते साखरेच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालत. माझ्यासाठी बूट घेतले तेव्हा त्यांनी आतला कागदाचा बोळाही उलगडून बघितला होता.

अशा माणसासमोर मी कॉलेजच्या फलकावरून आणलेलं एक पत्रक ठेवलं. अलिबागच्या पलीकडच्या एका बंदरावर दिवसभराची मासेमारीची सहल होती. होडी, गळ, दोरी, नाश्ता आणि सोबत जाणकार नाखवा. तात्या म्हणजे गोदावरीच्या काठावरचे गळ टाकणारे नावाजलेले गडी. समुद्र कोणीच बघितला नव्हता. मला वाटलं, निकालाच्या आनंदात घरच्यांना काहीतरी दाखवावं.

दादांनी पत्रक उलटं करून मागची कोरी बाजू आधी वाचली. मग म्हणाले, "पैसे आपण द्यायचे, मासे आपणच धरायचे. मंग हा काय करणार?"

"तो मार्गदर्शन करतो, दादा."

"कोणाचं? माशांचं?"

तात्यांना मात्र जायचंच होतं. त्यांनी दोन दिवसांत गल्लीभर सांगून टाकलं की रविवारी समुद्राच्या माशांचं कालवण आहे, ताट घेऊन या. आता माघार घेता येईना. शेवटी दादांनी ठरवून टाकलं. सगळी सहल मी जमवायची. त्यात कोणी आपल्याला फसवलं नाही, तर पुण्याचा अर्ज भरायचा. फसवलं, तर नाशिकच्याच एखाद्या शाळेत मास्तर म्हणून चिकटायचं.

म्हणजे माझं एम.एस्सी. आता मला न बघितलेल्या एका नाखव्याच्या प्रामाणिकपणावर अवलंबून होतं. मी एसटीडी बूथवरून त्याला तीनदा फोन केला. तिसऱ्या वेळी तोच मला म्हणाला, "तुमी येनार हाव ना नक्की? का फसवताव?"

आईने डबा बांधून दिला. भाकरी, ठेचा आणि सुकटीची चटणी. पत्रकात नाश्ता लिहिलाय, असं मी सांगितलं, तर म्हणाली, "लिहिलाय ना? मंग ने."

एसटीच्या प्रवासात तात्यांनी मला एक सिद्धान्त ऐकवला. जत्रेत रिंगा टाकायच्या खेळात जसं घड्याळ कधीच रिंगेत बसत नाही, तसंच या सहलींचं असतं. समुद्रात मासे लागतातच असं नाही. मग गिऱ्हाईक नाराज होतं. म्हणून हे लोक बाजारातले मासे आधीच होडीत लपवून ठेवतात आणि आपलं लक्ष नसलं की हळूच गळाला अडकवतात. "ओढला की आपण खूश. गळ तुझ्या हातात, पण दोरी कोणाची? त्याची."

मी विज्ञानाचा विद्यार्थी. मी त्यांना पुरावा काय, असं विचारलं. ते म्हणाले, "पुरावा तळाला असतो."

बंदरावर नाखवा उभा होता. पन्नाशीचा, काळाभोर, शांत माणूस. त्याने हसून हात पुढे केला. दादा त्याच्या हाताकडे न बघता होडीकडे गेले आणि तिच्या फळ्या बोटांनी वाजवू लागले. तात्यांनी होडी पूर्ण रिकामी करून दाखवता येईल का, असं विचारलं. नाखवा म्हणाला की होडी आहे, पोतं नाही. तरी दादा आत उतरले, वाकले आणि मागच्या फळीला हात घालणार तोच नाखवा घाईने म्हणाला, "तेला हात नका लावू. ती उघडायची नाय."

दादा सरळ उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत मला नाशिकची शाळा स्पष्ट दिसली.

होडी निघाली. मी समुद्र पहिल्यांदा बघत होतो, पण खरं सांगायचं तर मला त्या दिवशीचा समुद्र आठवत नाही. मला ती फळी आठवते. दादा पुढे काठाला धरून बसले होते आणि नाश्त्याच्या चहात काय घातलं होतं याचा विचार करत ओकत होते. (काही घातलं नव्हतं. तात्याही तोच चहा पिऊन त्यांच्या शेजारी मजेत होते.) नाखवा इंजिनाशी होता, त्याची माझ्याकडे पाठ होती. मी मनाशी म्हणालो, एकदा बघावं. तात्यांचं खोटं निघालं तर शंका मिटेल. मी फळी दोन बोटं उचलली.

आत थर्माकोलचा खोका होता. खोक्यात बर्फ आणि बर्फात मासे. बांगडे, तारल्या, थोडी कोळंबी. सगळं नीट मांडून ठेवलेलं.

तात्यांचा सिद्धान्त तंतोतंत सिद्ध झाला होता. आता काय करावं? ओरडावं, तर सहल मी जमवलेली. दादा म्हणणार, फसलास. गप्प बसावं, तर दुपारी तात्या एखादा बांगडा ओढून काढणार, त्यावर बर्फ असणार आणि दादांच्या ते लगेच लक्षात येणार. मी फार विचार केला. (मी परीक्षेतही फार विचार करून चुकीचं उत्तर खोडायचो आणि अधिक चुकीचं लिहायचो.) माझ्या बुद्धीला एकच मार्ग सुचला. पुरावाच नाहीसा करायचा. लपवायला मासे नसले की नाखव्याला प्रामाणिक राहण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मी एकेक मासा हळूच पाण्यात सोडू लागलो. तेवढ्यात एक पांढरा पक्षी आला. मग चार आले. मी हात भराभर चालवला, शेवटी खोकाच उपडा केला, आणि बघता बघता होडीच्या मागे पक्ष्यांचा हा गोंधळ.

नाखव्याने मागे वळून बघितलं. त्याचा चेहरा उजळला. त्याने इंजिन बंद केलं.

"पाखरं जमली," तो म्हणाला. "म्हंजे खाली मावरं हाय. दादा, तुमी नशीबवान. इतंच गरी टाकू."

मावरं म्हणजे मासळी आणि गरी म्हणजे गळ, एवढं मला समजलं. दादा ओकायचे थांबले. तात्यांनी बाह्या सरसावल्या. दादा पहिल्यांदाच माझ्याकडे बघून किंचित हसले आणि म्हणाले, "माणूस बरा दिसतोय रे." मला वाटलं, पुण्याचा अर्ज भरला गेला.

मग नाखव्याने मागची फळी उचलली.

तो बराच वेळ वाकून बघत राहिला. खोका बाहेर काढला, झटकला, परत बघितला. "चारा कुटं गेला?" तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "गरीला लावायचा चारा. पहाटं बाजारातना निवडून आणला व्हता."

नदीवर आम्ही गळाला गांडूळ लावतो. समुद्रात माशाला मासाच लावतात, हे प्राणिशास्त्रात पहिला वर्ग मिळवलेल्या माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तात्यांच्या डोक्यात आलं नव्हतं हे मी समजू शकतो. ते नववी नापास होते.

"मी टाकला," मी म्हणालो.

"कुटं?"

मी पक्ष्यांकडे बोट दाखवलं.

पक्षी अजून ओरडत होते. मी सगळं खरं सांगितलं, तात्यांच्या सिद्धान्तासकट. नाखव्याने एकदा तात्यांकडे बघितलं. तात्या क्षितिज बघू लागले. परत जाऊन दुसरा चारा आणू या, असं मी सुचवलं, तर नाखवा म्हणाला की ओहोटी लागली, खाडीत आता होडी शिरायची नाही, संध्याकाळपर्यंत इथेच. पत्रकात दिवसभराची सहल लिहिली होती आणि छापलेलं अक्षरशः खरं निघालं.

शेवटी तात्यांनी आईचा डबा उघडला. भाकरी कुस्करून तिच्यात सुकट मळली, घट्ट गोळ्या केल्या आणि गळाला लावल्या. नाखव्याने आयुष्यात असला चारा बघितला नव्हता. "मावरं काय पंगतीला बसलंय का?" तो म्हणाला. पण दिवसभर करायला दुसरं काही नव्हतं, त्यामुळे त्यानेही एक गोळी लावली. थोड्या वेळाने एक खाल्लीही.

चार वाजता तात्यांच्या गळाला वीतभर शिंगाळा लागला. हा मासा काहीही खातो, असं नाखव्याने समजावलं. गळातून सोडवताना शिंगाळ्याने तात्यांच्या अंगठ्यात काटा खुपसला आणि पाण्यात उडी मारली. तेवढ्यावर आमची सहल संपली.

गल्ली मात्र ताटं घेऊन बसणार होती. बंदरावर उतरल्यावर दादा आणि तात्या बाजूला जाऊन कुजबुजले आणि थेट मासळीवालीकडे गेले. दादांनी सवयीप्रमाणे पाटीच्या तळाला हात घातला. तिने तो तिथेच धरला आणि त्यांना जे ऐकवलं, ते लासलगावच्या मार्केटात वीस वर्षांत कोणी ऐकवलं नसेल. आम्ही पाच मोठे मासे घेतले. नाखव्याने बर्फ घालून तोच खोका माझ्या हातात दिला. "ने," म्हणाला. "वाटंत नदी लागली तर जपून."

रविवारी घरी तात्यांनी अंगठ्याची पट्टी सगळ्यांना दाखवली. मासा केवढा ओढत होता, होडी कशी कलली, सगळं सांगितलं. गल्ली हरखून ऐकत होती. आई आत मासे साफ करायला बसली आणि तिने मला हाक मारली. दादाही माझ्या मागे आले.

आई गोदाकाठचीच. तिने एकेका माशाचं तोंड उघडून बघितलं होतं. "सुन्या," ती हळू म्हणाली, "पाचांतल्या एकाच्याबी तोंडाला गळाची खूण नाय. कसे धरले रं? समजूत घालून?"

मी दादांकडे बघितलं. दादा चुलीकडे बघत होते. मी दोन मिनिटं तग धरला (आई म्हणते, अर्धं मिनिट) आणि सगळं सांगून टाकलं. खोका, पक्षी, भाकरीच्या गोळ्या, मासळीवाली. ज्या लबाडीपासून मी दिवसभर दादांना वाचवत होतो, ती शेवटी दादांनीच केली होती आणि खोका मी मांडीवर घेऊन आलो होतो.

आईने पदर तोंडाला लावला. ती हसतेय हे मला उशिरा समजलं. दादांनी चुलीत एक लाकूड सारलं.

"जाऊ दे याला पुण्याला," ते म्हणाले. "याला कोणी फसवायच्या आधी हाच त्याचं नुकसान करून मोकळा होईल."

"आणि यानं कोणाला फसवलं तर?" आईने विचारलं.

"याला?" दादांनी माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. "याला नाय जमणार."

अशा रीतीने मला एम.एस्सी. करायला मिळालं. पुण्यात पहिल्याच प्रात्यक्षिकाला सरांनी टेबलावर थर्माकोलचा खोका ठेवला आणि मला म्हणाले, उघड, विच्छेदनाचे मासे आहेत. मी हात मागे बांधून उभा राहिलो आणि म्हणालो, सर, ते तुम्हीच काढा. खिडकी उघडी आहे.