रकानेकाका आणि आमच्या घराण्याचं पोट

रकानेकाकांना फॉर्ममधली कोरी जागा सहन होत नसे. विम्याचा फॉर्म भरताना एखादा रकाना रिकामा राहिला, की ते पेनाला टोपण लावत, समोरचा चहा बाजूला सारत आणि म्हणत, "हा भरला की पिऊ." भिंगारच्या आमच्या क्वार्टर्समध्ये त्यांचं खरं नाव फार थोड्यांना माहीत होतं.

दुसरे एजंट वीस मिनिटांत फॉर्म उरकत. काकांना दीड तास लागे. त्यातला निम्मा वेळ एकाच पानावर जाई. आईवडील, भावंडं हयात आहेत का, नसल्यास गेले तेव्हाचं वय आणि कारण. काका त्यात स्वतःहून गिऱ्हाइकाचे आजोबा आणि चुलतेही धरत. लोक सरसकट 'वृद्धापकाळ' सांगून मोकळे होऊ पाहत. "साठीच्या आत मी म्हातारपण लिहीत नाही," काका बजावत. "मेलेल्याचं वय चुकवू नका. जित्याला भोवतं."

एक्क्याण्णव साली मी त्रेचाळीस वर्षांचा होतो, वर्कशॉपच्या भांडारात कारकून. साठ्यातला एक बोल्ट कमी भरला तर मला जेवण जात नसे. पण काका माझा फॉर्म भरायला बसले, तेव्हा मी वडिलांचं वय 'साठच्या आसपास' आणि कारण 'मूळव्याध' सांगितलं. 'सध्या काही तक्रार?' यापुढे 'नाही' सांगितलं. ते खोटं होतं. तीन महिन्यांपासून मला शौचाला रक्त पडत होतं. वडिलांसारखीच मूळव्याध, असं मनाशी ठरवून मी गप्प होतो. बायकोलाही बोललो नव्हतो.

काका अडले ते वयावर. "आसपास म्हणजे? भांडारात 'आसपास शंभर बोल्ट' लिहिता का हो?"

मला नक्की ठाऊक नव्हतं. ठाऊक असणारी एकच, घोडेगावची आत्या. पुढच्या शुक्रवारी काकांनी मला स्कूटरवर मागे बसवून घोडेगाव गाठलं.

आत्याला सनावळी येत नव्हती, पण हिशोब पक्का. "तुज्या बापाचं इसाव्या वर्सी लगीन झालं. पाच वर्सं पोर न्हवतं. मग तू झालास. आता तूच बघ की मोजून."

वडील गेले तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. पंचवीस आणि तेवीस, अठ्ठेचाळीस. एवढी बेरीज मी इतक्या वर्षांत केली नव्हती. आत्याच्या मोजणीनं आजोबा त्रेपन्नाव्या वर्षी गेले, चुलते सेहेचाळिसाव्या.

"आणि कारण?" काकांनी विचारलं.

"समद्यांचं त्येच. परसाकडं रगत जायचं, मग मानूस वाळत वाळत जायचं. मूळव्याध म्हनायचे."

"आत्याबाई, मूळव्याधीनं माणूस असा वाळत नाही."

गावी शेती बघणारा माझा धाकटा भाऊ तिथंच अंगणात होता. त्यानं त्याच दिवशी बाजारातून गाय आणली होती. तो हसला. "मेलेल्यांची वयं मोजून काय हुनार हाय, काका?"

"ही गाय घेताना काय विचारलंत?"

"हिची आई किती दूध द्यायची ते."

"आणखी?"

"ही खाती काय, वैरन काय घातली."

"म्हणजे गाईची आईही विचारली आणि चाराही विचारला. माणसानं स्वतःचं तेवढंही विचारू नये?"

भाऊ गाईच्या पाठीवर हात फिरवत राहिला.

परत येताना काकांनी वाटेत स्कूटर उभी केली. "भांडारपाल, तुमचं ते 'नाही' खरं आहे?" मी मान खाली घातली. ते रागावले नाहीत. "मग फॉर्म राहू द्या. आधी डॉक्टर."

घरी बायको मात्र रागावली. "अहो, एक बोल्ट हरवला तरी घरी येऊन सांगता, आणि हे नाही सांगितलं?"

नगरच्या डॉक्टरांनी पुण्याला धाडलं. तिथल्या डॉक्टरांपुढे मी काकांनी लिहिलेला कागद ठेवला. वर तीन मृत्यू वयांसह, खाली माझ्या सवयी: तंबाखू दिवसाला चार पुड्या, मटण आठवड्याला तीनदा, पालेभाजी क्वचित, काम बैठं. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, "यावरून तुम्हाला आजार होईलच असं सांगता येत नाही. पण आधी कुणाला तपासायचं, ते कळतं." दुर्बिणीतून आतड्यात दोन कोंब, म्हणजे मांसाच्या लहान गाठी, सापडले. ते काढले. त्यातला एक कॅन्सरच्या वाटेवर होता. महिनाभरात भाऊही आपणहून पुण्याला गेला. त्याचाही एक निघाला.

"आजोबा काही बदलता येत नाहीत," काका म्हणाले, "पुडी टाकता येते." मी टाकली. त्यांनी मग फॉर्म पुन्हा, सगळं खरं लिहून भरला, आणि कंपनीनं तो नाकारला. काका मनापासून हसले. "कमिशन बुडालं, गिऱ्हाईक वाचलं."

पुढे ते मुलाकडे राहात्याला राहायला गेले. माझ्या तपासण्या ठरल्या वेळी होत राहिल्या. ज्या दिवशी मला एकोणपन्नासावं पूर्ण झालं, त्या दिवशी मी त्यांना पोस्टकार्ड टाकलं. त्यावर एकच शब्द: एकोणपन्नास. आमच्या घरात वडील, चुलते यांपैकी कुणी तिथवर पोचलं नव्हतं. आठवड्यात उत्तर आलं: "आकडा मिळाला. पुढचा, कारणाचा रकाना रिकामाच ठेवा." त्यांनी कुणाला रकाना रिकामा ठेवायला सांगितल्याचं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

पन्नासाच्या कार्डालाही उत्तर आलं. यंदा एक्कावन्नचं टाकलं, त्याचं उत्तर मुलाच्या अक्षरात होतं. "बाबा गेले. वय अठ्ठ्याहत्तर. कारण, म्हातारपण. हे दोन्ही तुम्हाला न चुकता कळवायला त्यांनी सांगून ठेवलं होतं."

आता मी माझ्या दोन्ही मुलींसाठी तसाच कागद केला आहे. त्यात माझ्या आजोबांपासून सगळे आहेत, मीही आहे. माझं वय दर वर्षी खोडून नवं लिहितो. त्यापुढची जागा काकांच्या सांगण्यावरून कोरी आहे.