अकरा वर्षांची एक ओळ

ती जागा ऑलिव्हरला मिळाली याचा वैजयंती पोहनकरला राग आला नाही असं नाही, पण ऑलिव्हरचा राग काही तिला येईना. पोरगा चांगला होता. एकोणतीस वर्षांचा, हसरा, स्वतःचा मग स्वतः विसळून ठेवणारा. केंब्रिजला प्राचीन इतिहास शिकला, मग दोन वर्षं मोठ्या कंपन्यांना सल्ले देत फिरला, मग एका खासदाराची भाषणं लिहिली आणि तिथून थेट सार्वजनिक आरोग्याच्या धोरणात येऊन बसला.

साउथहॅम्प्टनमधल्या त्या संशोधन केंद्रात सगळी मंडळी अशीच. एक बाई पूर्वाश्रमीच्या वकील. एक गृहस्थ वीस वर्षं रेडिओवर बातम्या देत होते. एका अर्थतज्ज्ञाची पीएचडी मासेमारीवर. त्यात वाईट काही नाही म्हणा, धोरण ठरवायला दहा तऱ्हेची डोकी लागतातच. पण त्या अकरा जणांत तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळाला हात लावलेलं माणूस एकच होतं आणि ते म्हणजे वैजयंती. नेमकं तेच कुठल्या कागदावर नव्हतं.

का नव्हतं, तर त्याला चौदा वर्षं मागे जावं लागेल. नवऱ्याला, यतीनला, कंपनीने इकडे पाठवलं आणि त्याच्याबरोबर वैजयंती आली. त्याआधी नागपूरला एका वस्तीतल्या सरकारी दवाखान्यात तिने अकरा वर्षं मेडिकल ऑफिसर म्हणून काढली होती. आल्या आल्या वॉटफर्डला मैत्रिणीकडे, मंजिरीकडे मुक्काम होता. मंजिरी इथे मुरलेली. तिने लॅपटॉप पुढ्यात ओढला आणि वैजयंतीच्या सीव्हीवर कात्री चालवायला सुरुवात केली.

"अगं, हे इंडियाचं एवढं पाल्हाळ कशाला? इथे नोबडी रीड्स इट. एका लाइनमध्ये टाक आणि मोकळी हो. आणि ते डॉक्टर पण काढ. इथली एक्झाम दिली नाहीस ना? मग उगाच प्रश्न विचारत बसतील."

अकरा वर्षांची अशी एक ओळ झाली. मेडिकल ऑफिसर, भारत. पुढे सिया झाली, काही वर्षं घरात गेली, मग इथलं मास्टर्स, मग या केंद्रातली पाच वर्षं, दर वर्षी नवं कॉन्ट्रॅक्ट. प्रत्येक अर्जात ती ओळ जशीच्या तशी चिकटवली जात राहिली. आता मंजिरीला दोष द्यावा, तर ती बिचारी मदतच करत होती. आणि चिकटवणारे हात तर वैजयंतीचेच होते.

गेल्या वर्षी शहरातल्या काही भागांत मुलांचं लसीकरण घसरलं आणि केंद्राची प्रमुख, प्रोफेसर गिलियन, काळजीत पडली. एकदा अकराच्या चहाला तिने सहज विचारलं, "वैजयंती, तुमच्याकडे लोक दार उघडत नसत तेव्हा काय करायचे?"

एवढ्या वर्षांत हे कुणी पहिल्यांदाच विचारलं होतं. वैजयंती खुलली. मोहिमेत प्रत्येक दारावर खडूने खूण करतात, एखादं मूल राहिलं की त्या दारावर फुली. खरं काम त्या फुलीच्या घरांचं. तिथे पाच-पाच वेळा जायचं. दुपारी गेलं तर सासू दार लावून घेते, म्हणून सकाळी नळाला पाणी आलं की जायचं, तेव्हा सगळ्या बायका बाहेर असतात. गेल्या गेल्या लसीचं नाव काढायचं नाही, आधी प्यायला पाणी मागायचं. गिलियन मन लावून ऐकत होती, वहीत लिहून घेत होती.

यंदा त्याच विषयावरचा मोठा प्रकल्प केंद्राला मिळाला आणि त्याबरोबर एक कायमची जागा निघाली. वैजयंतीचं कॉन्ट्रॅक्ट जुलैत संपत होतं, पुढचं मिळणार नव्हतं. ही जागा मिळाली तर मिळाली, नाहीतर अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पुन्हा दारोदार अर्ज. अर्जातला तिसरा निकष होता, वस्तीत प्रत्यक्ष जाऊन केलेल्या कामाचा अनुभव. त्याखाली तिने नागपूरच्या चार ओळी लिहिल्या आणि खोडल्या. गिलियनला सगळं माहीतच आहे, आपलीच टिमकी आपण काय वाजवायची! त्याऐवजी झूमवर घेतलेल्या मुलाखतींबद्दल तिने दोन परिच्छेद लिहिले.

तिला इंटरव्ह्यूचा कॉलसुद्धा आला नाही.

"तिसऱ्या निकषाला तुला शून्य आहे," गिलियन समोर कागद ठेवून म्हणाली.

"अकरा वर्षं मी दुसरं काय केलं, गिलियन? तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे. पण पॅनेलवर बसलं की कागदावर असेल तेवढंच मोजायचं. नाहीतर ओळखीने जागा भरल्यासारखं होईल."

एका फोनवर भरलेल्या जागा वैजयंतीने पाहिल्या होत्या आणि इथे तसं चालत नाही हे नागपूरला ती मोठ्या कौतुकाने सांगत असे. नियम बरोबर होता. डोकं फिरवणारी गोष्ट तीच होती.

"आणि ऑलिव्हरचं काय होतं कागदावर?"

"युगांडात सहा आठवडे मच्छरदाण्या वाटल्यात त्याने. दोन पानं लिहिली होती." मग गिलियन मनापासून म्हणाली, "ते तुझं खडूच्या फुलीचं मी प्रस्तावात घातलं होतं बरं का. निधी देणाऱ्यांना तेच सगळ्यात आवडलं. जुलैपर्यंत ऑलिव्हरला ते सगळं नीट समजावशील?"

वैजयंतीची कानशिलं तापली, आणि तोंडातून काय निघालं तर, "हो, समजावीन की." बसमध्ये बसल्यावर तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

घरी आल्यावर तिने कणीक अशी तिंबायला घेतली की बारा वर्षांची सिया अभ्यास सोडून ओट्यापाशी आली.

"आई, व्हॉट हॅपन्ड?"

वैजयंतीने सांगितलं. जागा, फुली, मच्छरदाण्या, सगळं. सांगताना आवाज चढत गेला.

"दॅट्स सो अनफेअर!" सिया म्हणाली. मग थोडा विचार करून, "पण तू फॉर्मवर का नाही लिहिला?"

"अगं, त्यांना माहीत होतं. सगळ्यांना माहीत असतं ते."

"मला तर नव्हता माहीत," सिया म्हणाली. "मला वाटायचा तू नागपूरला त्या क्लिनिकमध्ये रिसेप्शनवर होती."

वैजयंतीचे हात परातीतच थांबले.

"डॉक्टर होते मी," ती म्हणाली.

सियाने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. "म्हणजे, रिअल डॉक्टर?"