दीपमालाने आवरलेलं दुकान

माणसाचं अक्षर चांगलं असू नये. असलंच, तर त्याने ते चारचौघांत सांगत फिरू नये. मी शाळेत तीस वर्षं कारकुनी केली आणि दोन्ही चुका केल्या. त्यांचा ताप झाला केरूनानांच्या सुनेला, दीपमालाला.

केरूनानांचं हार्डवेअरचं दुकान जेल रोडवर आमच्या कॉलनीच्या तोंडाशी आहे. पाटीवरचं नाव केव्हाच पुसलं गेलं, पण त्यावाचून कुणाचं अडलं नाही. नाना घोटीकडचे. भाताची खाचरं भावांवर सोपवून पस्तीस वर्षांपूर्वी नाशिक रोडला आले, तेव्हा आमच्या इमारतींचे पाये खणले जात होते. प्रत्येक बिल्डरने जिथे जो माल स्वस्त मिळाला तो बसवला. त्यामुळे साईकृपाचा नळ वनश्रीला चालत नाही आणि वनश्रीची कडी यशोदीपच्या दाराला लागत नाही. हे सगळं नानांनी डोळ्यांदेखत पाहिलेलं. म्हणून या दुकानात कुणी इंच-सूत सांगत नसे. "साईकृपा, दुसरा मजला, मोरीचा नळ गळतोय" एवढं म्हणायचं, की नाना मान वर न करता डब्यात हात घालत आणि पुडीत वॉशर बांधून देत. घरी नेऊन बसवला की नळ गप्प.

मी एकदा शहाणपणा करून हायवेवरच्या मोठ्या, गार हवेच्या दुकानात गेलो होतो. तिथे एका मुलीने मला हसून तीन प्रकारचे वॉशर दाखवले. तिन्ही बसले नाहीत. दोन चकरा झाल्यावर पल्लवीने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, नळाला फडकं बांधलं आणि माझ्याशी बोलणं कमी केलं. शेवटी मुकाट्याने नानांकडे गेलो. "आले का फिरून?" एवढंच त्यांनी विचारलं. मला राग आला, पण वॉशर बसला.

तर गेल्या आषाढात नाना दुकानातल्या स्टुलावरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिने घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. नानांचा मुलगा धनराज सिन्नरच्या कारखान्यात आहे, पाळ्या सांभाळताना त्याचा जीव मेटाकुटीला येतो. वाईट माणूस नाही, हिशेबी आहे. केकचं दुकान टाकणारा एक जण गाळा भाड्याने मागत होता आणि धनराजचं मन तिकडे वळलं होतं. तेव्हा दीपमाला म्हणाली, "दसऱ्यापर्यंत मला बसू द्या. नाही जमलं तर द्या त्याला." गाळा नानांच्या नावावर. ते अंथरुणातून म्हणाले, "बसू दे. दसऱ्याला मी येतो, मंग ठरवू."

दीपमाला कळवणची. बारावी झालेली, कमी बोलणारी, पसारा सहन न होणारी. मी तिला विचारलं होतं, "हा उपद्व्याप कशाला?" ती म्हणाली, "काका, लग्नाला चौदा वर्षं झाली. घरात मला सगळे सांगतात, विचारत कुणी नाही. दुकानात माणसं विचारायला येतात." मी हसण्यावारी नेलं. आता त्याची लाज वाटते.

पहिल्याच दिवशी तिने दुकान उघडून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. भिंतभर बिस्किटांचे जुने पत्र्याचे डबे. डब्यांवर खडूने काहीतरी खरडलेलं, निम्मं पुसलेलं. एकेका डब्यात वॉशर, बिजागऱ्या, नळाचे दांडे, कडीच्या खिट्या, सगळी भेळ. तिने चार दिवस खाली बसून सगळे डबे जमिनीवर ओतले. वॉशर एकीकडे, बिजागऱ्या एकीकडे, खिट्या एकीकडे. मग आकारानुसार पुन्हा वेगळे. प्लास्टिकच्या नव्या पारदर्शक डब्या आणल्या. आणि त्यांवर चिठ्ठ्या लिहायला कोण? मी. दोन दिवस मान मोडून लिहीत होतो. काम संपल्यावर आम्ही दोघं रस्त्यापलीकडे जाऊन दुकानाकडे बघत उभे राहिलो. दवाखान्यासारखं लख्ख दिसत होतं.

सोमवारी सकाळी हिरामण प्लंबर आला. पेठकडचा माणूस, आमच्या कॉलनीतले सगळे नळ त्याच्या हाताखालून गेलेले.

"वनश्रीचा वॉशर दे, ताई. तळमजला."

"केवढा?"

"वनश्रीचा."

"अहो दादा, पण माप काय? अर्धा इंची? पाऊण?"

हिरामण माझ्याकडे बघायला लागला. "माप मला काय ठावं? नाना डबा काढायचा, त्यात वनश्रीचंच असायचं समदं."

मला आधी कळलं नाही. दीपमालाला कळलं. तिचा चेहरा उतरला. डब्यावरचं ते खरडलेलं म्हणजे इमारतींची नावं होती. एका डब्यात एका इमारतीला लागणारं सगळं. नानांनी पस्तीस वर्षं घालून एकेक इमारत एकेका डब्यात भरली होती आणि आम्ही दोन शहाण्यांनी चार दिवसांत ती जमिनीवर ओतून एकत्र केली. वरून सुवाच्य अक्षरात.

हिरामणने अंदाजाने दोन वॉशर नेले, दोन्ही परत आणले. मग तो द्वारका चौकातल्या दुकानांकडे गेला. पुढच्या पंधरवड्यात तेच चालू. माणसं येत, इमारतीचं नाव सांगत, दीपमाला माप विचारी, माणसं खांदे उडवून निघून जात. एकाने तर तिच्यासमोरच मोबाईल काढून मागवलं. ते दुसऱ्या दिवशी आलं, बसलं नाही, तो भाग वेगळा. तिकडे केकवाला दोनदा गाळा मोजून गेला.

हे सगळं नानांना सांगायचं कुणी? मी तिला म्हटलं, सांगू नकोस, म्हातारा खचेल. खरं तर माझं नाव निघेल याची मला भीती वाटत होती. दीपमाला माझ्यासमोरच नानांच्या खाटेपाशी गेली आणि उभ्यानेच म्हणाली, "नाना, मी डबे मोडले. सगळं एकत्र झालं. चूक माझी." माझं नाव तिने घेतलं नाही. मग मलाच घसा खाकरून सांगावं लागलं की चिठ्ठ्या माझ्या आहेत.

नानांनी विचारलं, "समदे?"

"सगळे."

"तोंडी सांगा ना, नाना," मी म्हटलं. "दीपमाला लिहून घेईल."

"तोंडी नाय येत मास्तर." मी मास्तर कधीच नव्हतो, पण नाना तसंच म्हणतात. "ते डोक्यात नाय. डबा उघडला का हात आपसूक जातो. आता डबाच नाय तर हात कुढं जाणार?" आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

मला वाटलं, संपलं. घरी जाऊन मी जेवलो नाही. पल्लवी म्हणाली, "जेवून घ्या, उपाशी राहून वॉशर वेगळे होणार नाहीत." बायका खरं बोलतात आणि नको तेव्हा बोलतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या दाराची बेल वाजली. दारात दीपमाला, हातात मोजपट्टी, वही आणि पाना. "काकू, तुमचा मोरीचा नळ खोलून बघू?" तिने तासाभरात आमच्या घरातले सगळे नळ, कड्या, बिजागऱ्या मोजल्या, वहीत चित्रं काढली आणि वरच्या मजल्यावर गेली. कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिने निरोप टाकला होता: घरात काही गळत असेल, लागत नसेल, कुरकुरत असेल तर दाखवा, बघायला येते. दुपारी एक ते चार दुकान बंद आणि ही जिने चढतेय. सकाळी हिरामणच्या मागे. तो आधी वैतागला, मग पाना कसा धरायचा ते दाखवायला लागला.

आणि इथे एक गोष्ट झाली, जी पस्तीस वर्षांत नानांच्या बाबतीत झाली नव्हती. बायकांनी तिला थेट स्वयंपाकघरात नेलं. नाना बिचारे उंबऱ्याच्या आत जायचे नाहीत, आणि नवऱ्यांना मोरीचा नळ दिसतो, सिंकखालचं दिसत नाही. यशोदीपमधल्या चंद्रभागाबाईंनी सिंकखाली बादली ठेवून सहा वर्षं काढली होती. रोज दोनदा रिकामी करायच्या. "सांगणार कुणाला?" असं त्या म्हणाल्या. दीपमालाने वाकून बघितलं, दुसऱ्या दिवशी जोडणीची नळी आणली आणि हिरामणला बोलावून बसवली. चंद्रभागाबाईंनी ती बादली गच्चीवर नेऊन तिच्यात तुळस लावली. ही बातमी ग्रुपवर पडायच्या आधी चारी विंगना पोचली होती.

मग काय, बोलावणी यायला लागली. कपाटाचा सरकता खण, बाल्कनीतल्या दोरीची कप्पी, गॅसच्या ओट्याखालचं दार. भाद्रपद संपेपर्यंत तिने सहा इमारतींतली सव्वादोनशे घरं पाहिली. जुने डबे माळ्यावरून खाली आले. एकेक इमारत पुन्हा एकेका डब्यात गेली, पण आता विंगवार, आणि स्वयंपाकघराचा डबा निराळा. ती माझ्यासमोर खडू नाही, ऑइलपेंटची डबी ठेवून म्हणाली, "काका, लिहा. या वेळी मी सांगते तेच." मी लिहिलं. इतकं मन लावून मी शाळेचा दाखलासुद्धा कधी लिहिला नाही.

दसऱ्याला सकाळी नाना वॉकर घेऊन आले. धनराज एका बाजूने धरून होता. पाने-पकडींना झेंडू वाहिला होता, नारळ फुटला. नानांनी भिंतीवरचे डबे वरपासून खालपर्यंत पाहिले, एकदा मान हलवली आणि आपल्या खुर्चीत बसले. आम्हा पाच-सहा जणांना बरं वाटलं. माणूस जागेवर आला की दुकान दुकानासारखं दिसतं. दीपमाला कडेला उभी राहिली, हात बांधून, घरात उभी राहते तशी. दोन महिने जिने चढली ती बाई, आणि एका खुर्चीत एक माणूस बसताच पुन्हा सून झाली.

तेवढ्यात हिरामण आला. सणाचं कुणाचा तरी नळ थांबतोय होय! "नाना, राम राम. यशोदीप, सी विंग, मोरीचा."

नानांचे डोळे चमकले. त्यांनी दीपमालाकडे न बघता यशोदीपचा हाताशी आलेला पहिला डबा ओढला, हात घातला, आणि वॉशर काढून हिरामणपुढे धरला. तीच ती जुनी सफाई. धनराजसुद्धा हसला.

"नाना," दीपमाला हळूच म्हणाली, "तो नाही बसायचा."

नानांना असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. मी तर नाहीच.

"सी विंगने मागच्या उन्हाळ्यात लाइन बदलली. नवे नळ आहेत. बारा घरं मी स्वतः खोलून पाहिली."

नानांनी तिच्याकडे बघितलं. मग वॉशरकडे. तो त्यांनी बोटांत दोनदा फिरवला आणि परत डब्यात टाकला. धनराजला ही संधी वाटली की काळजी, मला माहीत नाही. तो म्हणाला, "नाना, गाळ्याचं काय करायचं? तो माणूस आज विचारणार आहे."

नानांनी वॉकर जवळ ओढला आणि दात आवळून उभे राहिले. धनराज धरायला गेला, त्याचा हात त्यांनी बाजूला केला. एकेक पाऊल टाकत फळीच्या अलीकडे, आम्हा गिऱ्हाइकांच्या बाजूला आले.

"गाळा द्यायचा म्हणत व्हता ना? दिला. हिला दिला." मग दीपमालाला म्हणाले, "बस, सूनबाई. आन् सी विंगचं मला एकदा नीट सांग. मला ठावं नाय ते."

मला रडू आलं. सणाचं रडू नये म्हणतात, मी रडलो. धनराजने मोबाईल काढला आणि गाळा रिकामा नाही असं कुणाला तरी सांगत तो बाहेर गेला.

दीपमाला लगेच बसली नाही. तिने आधी सी विंगचा डबा काढला, वॉशर हिरामणच्या हातावर ठेवला, आणि मग ती खुर्चीत बसली.