बरगडीचा कान

जन्मापासून माझ्या उजव्या कानाच्या जागी शेंगदाण्याएवढी एक गाठ होती. नागपुरातल्या आमच्या विणकरांच्या गल्लीत पोरं मला "एककानी" म्हणायची आणि म्हणणाऱ्याला मी दगड हाणायची. मला कान पाहिजे होता, आणि तो मी मिळवणारच होते.

मॅट्रिकनंतर शहरातल्याच सरकारी दवाखान्यात एका सर्जननं तो करून दिला. बरगडीजवळचं मऊ हाड, म्हणजे कूर्चा, काढून तिला कानासारखं कोरलं आणि कातडीखाली बसवलं. काही महिन्यांनी पुन्हा टेबलावर घेऊन डोक्याला चिकटलेला तो कान मागून सोडवून उभा केला. बाप रे! साधी शिंक आली तरी छाती उलते की काय असं वाटायचं. पण आरशात कान पाहिला आणि मी आनंदानं ढसाढसा रडले. डॉक्टरांनी बजावलं, "याला भोक पाडायचं नाही. पू झाला तर आतली कूर्चा विरघळेल आणि सगळंच जाईल."

घरी येऊन मी ते सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि महिन्याभरात आईनं सोनाराला बोलावलं! तान्ह्या लेकराचे कान टोचतात तसं या नव्या कानाचं करायचं. पाट मांडलेला, वाटीत गूळ-खोबरं, गल्लीतल्या बाया हजर. डॉक्टरला काय समजते, सोनाराचा हात हलका असते, असं आईचं म्हणणं.

सोनारानं तार तेलात बुडवली आणि माझा कान धरला. मी त्याचा हात असा झटकला की तार उडून भिंतीला लागली.

"काहून वं, बावरली का?" आई ओरडली.

"हा कान माह्या छातीतून निघाला. भोक पाडलं तर सडून जाईन. कोणी हात लावायचा नाही!"

"अवं, लग्नात एक कान रिकामा? लोकं काय म्हणतील?" तिनं माझा दंड धरला. "हिच्या पोरीले कान नाही, हे किती वर्षं ऐकलं मी."

तिच्या डोळ्यांतलं पाणी पाहून माझा जीव तुटला. तरी मी पाटावरून उठले.

"म्हणू दे. त्याईले माह्या उजव्या बाजूनं बसव. हा कान दिसाले आहे आई, याच्यातून मले ऐकूच येत नाही."

 आई पदरानं नाक पुसत फस्सकन हसली.

"जा गा भाऊ," ती सोनाराला म्हणाली. "पोरीनं हाड देऊन घेतला तो कान. तिचाच हुकूम चालते त्याच्यावर."