तीस हजार एकतीस

तीस हजार एकतीस ही मूळ संख्या आहे, असं मी मला बघायला आलेल्या मंडळींना ठणकावून सांगितलं होतं. सासऱ्यांनी फक्त "गणितात बीएस्सी म्हणजे नेमकं काय?" एवढंच विचारलं होतं. मी पोह्यांच्या बशा बाजूला सारून भाषणच ठोकलं. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, या पहिल्या सहा मूळ संख्यांचा गुणाकार करा, त्यात एक मिळवा. आता यांतल्या कुणीही भाग दिला तरी बाकी एक! म्हणजे हिला निःशेष भागणारं जगात कुणी नाही. काय तो तोरा! वेणी पुढे घेऊन बसलेली ती शहाणी आज दारात आली तर मी तिला पाणीसुद्धा विचारणार नाही.

लग्न ठरलं. संख्या आमच्या घरात 'आजीची मूळ संख्या' म्हणून नांदू लागली.

यंदा नातीने शाळेतल्या गणित प्रदर्शनासाठी तिचाच तक्ता केला. मधोमध, लाल अक्षरांत. नेमक्या तेव्हाच विहीणबाई, म्हणजे माझ्या सुनेची आई, नातीची नानी, पिंपळगावहून मुक्कामाला आल्या. त्याही गणिताच्याच निवृत्त शिक्षिका. आमचं पटत नाही, हे सोसायटीच्या वॉचमनलाही ठाऊक आहे.

चष्मा लावून त्या तक्त्यापुढे उभ्या राहिल्या. "तपासलीत का हो ही कधी?"

"म्हणजे काय! एकोणतीसपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भाग देऊन पाहिलाय."

"एकोणतीसच का?"

नातच म्हणाली, "आजी, पाढे तीसपर्यंतच पाठ होते म्हणून?"

मेली! खरंच तेवढंच कारण होतं. पाढे संपले तिथे माझ्यापुरतं गणितही संपलं होतं.

त्या मला म्हणाल्या, "हिचं वर्गमूळ एकशे त्र्याहत्तरच्या वर जातं, विहीणबाई. तिथवर जायला नको? एकोणसाठने भागून बघ गं."

नातीने कागद ओढला. पाचशे नऊ वेळा भाग गेला. बाकी शून्य.

"पाचशे नऊ तरी मूळ आहे का, ते बघा आधी," मी फणकारले.

"आहे ना. तिला मात्र तुमचे पाढे पुरतात."

मी नातीला म्हटलं, "राहू दे गं तसाच तक्ता. परीक्षकांना कुठे कळतंय!"

"नानीला कळलं ना?" तिने 'मूळ' खोडून 'संयुक्त' लिहिलं आणि प्रदर्शनाला नानीलाच नेलं. मला म्हणाली, "तू आलीस तर भांडशील." भांडले असतेच.

परत आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले परीक्षक?"

"विचारलं, बाकी एक उरते, तरी ही मूळ का नाही? मी म्हटलं, सर, ती फक्त त्या सहा जणांना दाद देत नाही. बाहेरून आलेलं कुणीही तिला फोडू शकतं."

विहीणबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

मी विचारलं, "तुमची गाडी कितीची आहे?"